एनफ, सफिशियंट, अ‍ॅडिक्वेट : हंगेरियन आणि मराठी प्रतिशब्द हवेत

शब्दजुळारी : हंगेरीला शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांसाठी तीन रकान्यांची यादी करतो आहे : इंग्रजी, हंगेरियन, मराठी. गाडी ‘पुरेसं’पाशी अडली. इंग्रजीत एनफ, सफिशियंट, अ‍ॅडिक्वेट, प्लेंटी, अ‍ॅम्पल. हंगेरियनमध्ये त्याच क्रमाने एलेऽग, एलेगेन्दोऽ किंवा एलेऽगशेऽगेश, मेगफेलेलोऽ, बोऽवेन, बोऽशेऽगेश. (ऽ असेल तिथे स्वर लांबवायचा. हंगेरियनमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो.) पहिल्या तिन्हींना मी ‘पर्याप्त’ लिहिलं होतं. यादी तपासणाऱ्यांनी तिन्ही खोडले आणि शेरा मारला, ‘हिंदी शब्द, पुरेसा लिहा’. सरसकट ‘पुरेसा’ लिहून भागेल का? आणि गुणपत्रिकेवरच्या ‘एलेऽगशेऽगेश’चं काय करू?

दुभाष्या : गुणपत्रिकेचं आधी. तिथली श्रेणी पाचाची : 5 येलेश, 4 योऽ, 3 कोझेपेश, 2 एलेऽगशेऽगेश, 1 एलेऽगतेलेन. म्हणजे 2 ही पास होण्याची शेवटची पायरी आणि 1 म्हणजे नापास. इंग्रजी उताऱ्यावर 2 समोर बहुधा ‘सफिशियंट’ किंवा ‘पास’ असतं. त्याचं ‘पुरेसे’ केलंत तर घरचे समजतील की बऱ्यापैकी गुण पडले. ‘काठावर पास’ लिहा, अधिकृत कागद असेल तर ‘किमान उत्तीर्ण’.

पण हाच शब्द गणितात आला की वेगळा वागतो. ‘स्युकशेऽगेश एऽश एलेऽगशेऽगेश फेलतेऽतेल’ म्हणजे आपली ‘आवश्यक आणि पुरेशी अट’. तिथे काठावरचं काही नाही, अट पूर्ण झाली की विषय संपला. त्यामुळे एका शब्दाला दोन ओळी द्या.

मोजमाप : ‘सरसकट पुरेसा’ हे लेबलांवर धोक्याचं आहे. युरोपीय संघातल्या रसायनांच्या बाटल्यांवर ठरलेली वाक्यं असतात. पी 302 + पी 352 म्हणजे त्वचेवर सांडल्यास प्लेंटी ऑफ वॉटरने धुवा. हंगेरियनमध्ये तिथे ‘बोऽ वीझ्झेल’ असतं. मराठीत ‘पुरेशा पाण्याने’ केलं, तर किती पाणी पुरेसं हे वाचणारा ठरवणार आणि दोन तांबे ओतून थांबणार. ‘भरपूर पाण्याने’ हवं, म्हणजे हात आखडता घेतला जात नाही. प्रयोगशाळेत जाणाऱ्या मुलांना हेही सांगून ठेवा की ‘बोऽर’ म्हणजे त्वचा आणि ‘बोऽ’ म्हणजे भरपूर. दोन्ही त्याच ओळीत येतात. कपड्यांच्या दुकानात ‘बोऽ’चा अर्थ ढगळ.

अ‍ॅडिक्वेटचं उदाहरण हवेचं घ्या. अ‍ॅडिक्वेट व्हेंटिलेशनला हंगेरियनमध्ये ‘मेगफेलेलोऽ’ लागतं, कारण तो शब्द प्रमाणापेक्षा जुळणं सांगतो : कामाला साजेसं, योग्य. ‘पुरेसे वायुवीजन’पेक्षा ‘हवा खेळती ठेवा’ लिहिलं तर कामगारालाही कळतं.

साधीमराठी : ‘पर्याप्त’ खोडला ते बरोबरच झालं. बोलण्यात तो कोणीही वापरत नाही. बँकेच्या पत्रात ‘पर्याप्त शिल्लक नाही’ वाचलं की ते हिंदीवरून उतरवलेलं आहे हे लगेच कळतं. आपल्याकडे पुरेसा, मुबलक, भरपूर, रगड, बक्कळ, पोटभर, जेमतेम अशी उतरंड आहे.

पाणिनीय : हिंदीत जास्त चालतो म्हणून शब्द हिंदी होत नाही. ‘पर्याप्त’ तत्सम आहे आणि ग्रांथिक मराठीत जुना आहे. तुमच्या उतरंडीतला ‘मुबलक’ तर अरबीतून आलेला, आणि जेवताना म्हणतो तो ‘बस’ फारसी. त्यांना घरात घेतलंत आणि संस्कृताला दारात उभं केलंत!

शिवाय पर्याप्त, पुरेसा, अलम् हे एका मापाचे नाहीत. संस्कृतात ‘अलम्’ची दोन कामं विभक्तीने वेगळी होतात. तृतीयेबरोबर निषेध : ‘अलं विवादेन’, पुरे झाला वाद. चतुर्थीबरोबर सामर्थ्य : ‘अलं मल्लो मल्लाय’, हा मल्ल त्या मल्लाला पुरा पडेल. चतुर्थीचं सूत्र अष्टाध्यायी 2.3.16. हंगेरियनमध्येही असंच काही आहे का?

दुभाष्या : आहे, आणि मुलं नेमकी तिथेच अडखळतात. हंगेरियनमध्ये ‘टु हॅव’सारखं क्रियापद नाही. मराठीसारखंच ‘माझं अमुक आहे’ असं म्हणतात. म्हणून ‘आय हॅव एनफ’ शब्दशः केलं की ‘एलेगेम वॉन’ होतं. त्याचा अर्थ मात्र ‘मला वीट आलाय’. ज्याचा वीट आला त्याला ‘मधून’ दाखवणारा प्रत्यय लागतो : ‘एलेगेम वॉन बेलोऽले’. पुरण्याच्या अर्थी ‘ला’ किंवा ‘साठी’चा प्रत्यय येतो : ‘एलेऽग नेकेम’, मला पुरे.

यजमान वाढत असताना म्हणायचं ‘एलेऽग लेस, कोसोनोम’, म्हणजे एवढं पुरे, धन्यवाद. जेवण झाल्यावर ‘योऽल्लॉक्तॉम’, पोट भरलं. यजमानीणबाईंना ‘एलेगेम वॉन’ म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. मराठीत ‘पुरे’ दोन्हीकडे चालतं, ‘पुरे आता, वाढू नका’ आणि ‘पुरे झाली तुझी नाटकं’, म्हणून आपल्याला हा फरक आधी जाणवत नाही.

आणखी दोन चुका. एक, ‘एलेऽग’नंतर नाम एकवचनी : ‘एलेऽग ऑल्मॉ’, पुरेशी सफरचंदं. ‘ऑल्माक’ हे अनेकवचन तिथे चालत नाही. दोन, विशेषणाआधी ‘एलेऽग’ आला की अर्थ ‘बऱ्यापैकी’कडे झुकतो. ‘एलेऽग नॉद्य’ म्हणजे बऱ्यापैकी मोठा किंवा पुरेसा मोठा. मागे ‘ऑह्होझ, होद्य’ जोडलं की ‘अमुक करण्याइतका मोठा’ हे पक्कं होतं. इंग्रजी एनफ विशेषणानंतर येतो, त्यामुळे तिथे ही अडचण नाही.

साधीमराठी : ‘एलेऽग’ म्हणजे जळून जातो असंही कोशात दिसतं. इंधन जळून संपलं, म्हणजे पुरे झालं, असा काही संबंध असेल का?

दुभाष्या : नाही. जळण्याचा ‘एलेऽग’ हा ‘एल’ उपसर्ग अधिक ‘एऽग’ हे क्रियापद. त्याचा स्वर रूपं चालवताना दीर्घच राहतो : एलेऽगेत्त, जळून गेला. पुरेशातला ‘एलेऽग’ काही प्रत्यय लागले की ऱ्हस्व होतो : एलेगेत, एलेगेम, एलेगेन्दोऽ. हात म्हणजे केऽझ, माझा हात केझेम. बर्फ येऽग, बर्फाला येगेत, त्यातलाच हा प्रकार. लिहिताना दिसतात सारखे, चालतात वेगळे.

पाणिनीय : ‘एलेगेत’ हे कर्माचं रूप दिसतं. मग ‘एलेगेत तेस’ म्हणजे ‘पुरेसं करतो’?

दुभाष्या : हो, आणि अर्थ होतो अटीची, विनंतीची, कर्तव्याची पूर्तता करणं. लॅटिन सॅटिसफॅकेरेची बांधणीही तीच, सॅटिस म्हणजे पुरेसं आणि फॅकेरे म्हणजे करणं. कार्यालयातल्या पत्रांत हा वाक्प्रचार फार येतो, यादीत घ्याच.

साधीमराठी : पूर्तता, पुरवठा, पुरवणी, पुरेसा, अपुरा, सगळं एकाच कुळातलं. हे घरात असताना ‘पर्याप्त’ कशाला?

हिशेबनीस : सॅटिसवरून एक भर. इंग्रजी ‘अ‍ॅसेट्स’ हा मुळात एकवचनी शब्द, जुन्या अँग्लो-फ्रेंच कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘पुरेसं’. मृताची देणी फिटतील इतकी मालमत्ता ती अ‍ॅसेट्स. शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा समजून नंतर ‘अ‍ॅसेट’ वेगळा काढला.

शब्दजुळारी : मग अ‍ॅडिक्वेटसमोर ‘योग्य’, ‘साजेसा’ की ‘पुरेसा’? छपाईला द्यायचं आहे.

पाणिनीय : ‘अपुरा’ आणि ‘अपर्याप्त’ एक नव्हेत, हे आधी पाहू. गीतेच्या पहिल्या अध्यायात, दहाव्या श्लोकात दुर्योधन म्हणतो, ‘अपर्याप्तं तदस्माकं बलं भीष्माभिरक्षितम्’. टीकाकारांचे दोन तट आहेत. एकांच्या मते आपलं सैन्य अपुरं, दुसऱ्यांच्या मते अमर्याद. कौरवांच्या अकरा अक्षौहिणी, पांडवांच्या सात. अकरावाला स्वतःला अपुरा कसा म्हणेल?

साधीमराठी : भीष्मांना दोन्ही बाजू सारख्या, म्हणून त्याच्या मनात भीती आहे. संख्येनं मोठं सैन्यही अपुरं वाटू शकतं. आणि ज्या शब्दाचे दोन उलटे अर्थ निघतात तो परदेशी जाणाऱ्या मुलाच्या यादीत नको, एवढं तर मान्य करा.

पाणिनीय : भीती असती तर पुढच्याच श्लोकात सगळ्यांनी भीष्मांनाच राखावं असं त्यानं सांगितलं नसतं.

साधीमराठी : राखायला सांगतो ते भीतीमुळेच ना!

मोजमाप : पैशांसाठी ‘फुत्यॉ’ राहिला. ‘फुत’ म्हणजे धावणं, त्यावरून ‘फुत्यॉ’ म्हणजे पैसा तिथवर पोचतो, पुरतो. ‘एर्रे नेम फुत्यॉ’ : एवढे पैसे नाहीत, परवडत नाही. घरभाडं ठरवताना हा लागतो. आणि ‘मेगतेसी’ म्हणजे ‘चालेल, भागेल’; गुड एनफला मी तोच देईन, कारण ‘एलेऽग योऽ’ म्हटलं की समोरच्याला ते कौतुक वाटू शकतं.