एटीडीच्या (चित्रकला शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) मुलांना संगणक, मोबाइल नीट शिकवायला हवं की नको?

रेघोटी: मी २२ वर्षं माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतेय. माझं मत ठाम आहे, शिकवायलाच हवं. परवा आमच्याकडे सराव पाठाला एक छात्राध्यापिका आली होती. जलरंगात हात सुरेख. आठवीतल्या एका मुलीचं चित्र स्पर्धेसाठी मोबाइलवरून पाठवायचं होतं. हिने कागद बाकावर ठेवला आणि ट्यूबखाली उभं राहून वरून फोटो घेतला. मधोमध हाताची सावली, कागद एका बाजूला निमुळता, आणि पोरीने तासभर खपून लावलेला लेमन यलो पार मातकट. तेच चित्र खिडकीशेजारी भिंतीवर लावून, फोन समोर सरळ धरून काढलं तेव्हा पिवळा पिवळा दिसला. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. क्रिटा, इंकस्केपसारखी चित्रं काढायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, मग अडतंय कुठे?

कागद आधी: मला नाही पटत. मी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांची तयारी करून घेतो. स्मरणचित्राला ‘पावसातला बसथांबा’ दिला, तर ११ कागदांवर तीच छत्रीवाली बाई, तोच उजवा पाय पुढे. फोनवरून उतरवून पाठ केलेली! ‘अ’ श्रेणीला दहावीत ७ गुण वाढतात, म्हणून पालकांनाही ते चालतं. नजर मरतेय मुलांची. अशा वेळी शिक्षकाच्याच हाती मोबाइलचा पडदा द्यायचा?

बोरू: सुलेखनकार र. कृ. जोशी जन्मभर हाताने अक्षरं घडवत आले, आणि विंडोजमधला देवनागरी ‘मंगल’ फाँट त्यांचाच. अक्षरलेखन शिकवणाऱ्याने दोन्हीकडे वावरायला हवं.

कागद आधी: मग माझंच म्हणणं झालं की! आधी हात मुरला, संगणक नंतर आला.

दुसरं वर्ष: मी सध्या एटीडी करतोय. टॅबलेट परवडत नाही, फोनवर बोटानेच काढतो. सराव पाठात घागर शिकवताना मधली रेघ, लंबवर्तुळं, बाह्यरेषा, छटा असे वेगवेगळे लेयर, म्हणजे एकावर एक थर, ठेवले होते. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “सर, तळाचं लंबवर्तुळ परत दाखवा.” बाकीचे लेयर झाकले आणि दाखवलं. फळ्यावर ते केव्हाच छटेखाली गेलं असतं. ही युक्ती मी स्वतःच शोधली, वर्गात कुणी शिकवली नाही. माझ्यामागून येणाऱ्यांनी का चाचपडावं?

रेघोटी: @कागद आधी, छत्रीवाल्या बाईचं दुःख मलाही आहे. पण ती बाई नकलेची आहे हे ओळखायलाही शिक्षकाला तो पडदा माहीत हवा ना? यंदा मी पोरांना एसटी स्टँडवर नेणार आहे. फोन दप्तरात, दहा मिनिटं नुसतं बघायचं. परत आल्यावर चित्रं काढायची आणि फोटोही त्यांनीच घ्यायचे.

कागद आधी: स्टँडवर जरूर न्या, मीही नेईन. पण माझ्याकडे आठवड्याला दोनच तासिका आहेत. रंग कालवून, ब्रश धुऊन होईतो घंटा होते. फोटोची मिनिटं कुठल्या कामातून काढू, तेवढं सांगा.