भोक नसलेल्या रीफ टाकीला सम्प जोडायचा आहे, मदत हवी आहे

खारेदाणे: माझी खाऱ्या पाण्याची टाकी दोन वर्षे उत्तम चालू आहे. तिच्या काचेला भोक नाही, ते पाडायचेही नाही, आणि आत दगड, मासे व प्रवाळ असताना ती रिकामी करण्याची माझी तयारी नाही. खालच्या कपाटात बसेल असा सम्प, म्हणजे टाकीतले पाणी गाळण्यासाठी उतरवायची दुसरी टाकी, करून घेतला आहे, पाणी परत वर चढवणारा पंपही आणला आहे. मागच्या काचेवर अडकवायचा, टाकीतले पाणी सायफनने सम्पमध्ये सोडणारा ओव्हरफ्लो बॉक्स घेतला, तर वीज गेल्यावर घरात पाणी होईल का, एवढेच विचारायचे आहे. काम रविवारी उरकायचे आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे.

ओहोटी: टाकीची व सम्पची मापे, रिटर्न पंप किती लिटरचा आहे आणि टाकीतले पाणी सध्या काठापासून किती खाली आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. या चार गोष्टी कळल्याशिवाय ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

काचकाम: बॉक्सच्या नादी लागू नका, सरळ भोक पाडा. मागच्या काचेत वरच्या बाजूला पाडायचे असल्याने पाणी निम्म्यावर आणले तरी पुरते, सगळी टाकी रिकामी करावी लागत नाही. डायमंड होल सॉ, कमी वेग, सतत पाण्याची धार आणि हाताचा जोर अजिबात नाही, एवढे पाळले की काम होते. मात्र काच टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) असेल तर तिच्या ठिकऱ्या होतील. एलसीडी पडदा पांढरा करून काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहा; गडद पट्टे किंवा डाग दिसले, तर ड्रिल खाली ठेवा.

खारेदाणे: भोक पाडायचे नाही, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. टाकी ३६×१८×१८ इंच, सम्प २४×१२×१५ इंच. सम्पमधला पंपाचा कप्पा ६ इंच रुंद आहे. पंपावर ताशी ३००० लिटर असे छापले आहे. पाणी काठापासून अर्धा इंच खाली असते. घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर.

सागरतीर: मी दर महिन्याला अलिबागहून समुद्राचे पाणी आणतो आणि मिठाचा सगळा खर्च वाचवतो. आपण कोणते मीठ वापरता?

ओहोटी: सागरतीर, पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता किती उतरते हे एकदा रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायच्या उपकरणाने) पाहा, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

खारेदाणे, वीज जाण्याची भीती आपण चुकीच्या जागी धरली आहे. चांगल्या बॉक्समध्ये यू-ट्यूबची (काठावरून पाणी ओढणाऱ्या उलट्या यू आकाराच्या नळीची) दोन्ही टोके वीज गेल्यावरही पाण्यातच राहतात, त्यामुळे सायफन टिकतो आणि वीज आली की पुन्हा सुरू होतो. तो तुटतो तो हळूहळू साठणाऱ्या हवेमुळे: नळीच्या माथ्यावर आधी मसुराएवढा बुडबुडा दिसतो, मग तो बोटभर लांब होतो, आणि एका रात्री खाली जाणारे पाणी थांबते, पण पंप मात्र वर पाणी चढवतच राहतो. नळीतला प्रवाह मंद असला की बुडबुडे वाहून जात नाहीत, म्हणून गरजेपेक्षा जाड नळी घेऊ नका.

आता हिशेब. काचेची जाडी वजा केली, तर आपल्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साधारण १० लिटर. पंपाच्या कप्प्यात ७ इंच पाणी ठेवले, तर ते सुमारे ८ लिटर होते. सायफन तुटला की पंप फार तर हे ८ लिटर वर टाकेल आणि कोरडा पडेल. आपल्याकडे अर्धा इंच, म्हणजे ५ लिटरचीच जागा आहे. उरलेले ३ लिटर जमिनीवर येतील. बॉक्सचे दात (पाणी आत घेणाऱ्या खाचा) खाली घेऊन पाणी काठापासून पूर्ण एक इंच खाली आणा. उलट वीज गेल्यावर रिटर्न पाइपमधूनच पाणी परत उतरते. त्याचे तोंड ४ इंच खोल असेल, तर ४० लिटर खाली येतील आणि सम्पमध्ये मोकळी जागा आहे २५ लिटरच्या आसपास. तोंड पाण्यात पाऊण इंचापेक्षा खोल नेऊ नका.

काचकाम: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला की हा सगळा त्रास संपतो.

ओहोटी: खाऱ्या पाण्यात त्यावर चुना चढतो, आणि मग तो नेमका हवा तेव्हाच मिटत नाही. लावायचा तर लावा, पण हिशेबात धरू नका.

इन्व्हर्टरवाले: सगळेच इन्व्हर्टरवर घ्या, म्हणजे पंप थांबायचा प्रश्नच उरणार नाही. जाता जाता, प्रवाळ कोणते आहेत? दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

ओहोटी: इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टाकीतले पाणी हलते ठेवणारा छोटा पंखा) ठेवावा. त्याला वीज कमी लागते आणि पाण्याची हालचाल टिकली की प्राणवायूही टिकतो.

खारेदाणे: माझ्याकडे झोअँथिड व मशरूम हे मऊ प्रकार आहेत, दगडी प्रवाळ नाहीत. रविवारी बॉक्स लावला. पंप बंद केल्यावर सम्पमधले पाणी अडीच इंच चढून थांबले. मग यू-ट्यूब काढून पंप चालू ठेवला: घरघर सुरू होईपर्यंत टाकी भरत गेली आणि काठाखाली पाव इंच राहिली. आता निर्धास्त आहे. बाष्पीभवनाचे पाणी फ्लोट व्हॉल्व्हमधून थेट आरओच्या नळीने येतेच.

ओहोटी: ही नळी आपण आज प्रथमच सांगत आहात. फ्लोट पंपाच्या कप्प्यातच असणार. सायफन तुटला की तो कप्पा रिकामा होईल, फ्लोट उघडेल, आरओ गोडे पाणी सोडत राहील आणि पंप ते वर चढवत राहील. पाव इंच म्हणजे अडीच लिटर. त्यानंतरचे सर्व पाणी खालच्या मजल्यावर, शिवाय टाकीची क्षारताही घसरेल. आरओ आजच तोडा आणि फ्लोटला दोन लिटरची बाटली जोडा.

खारेदाणे: तोडला. बाटली रोज सकाळी भरावी लागेल असे दिसते.