झुंजुमुंजु, तांबडं फुटणं, फटफटणं, उजाडणं: एकच की वेगळं?

प्रश्न: आमच्या पलूसकडं पहाटेला हे चारी शब्द चालतात, पण पुण्यातली वहिनी म्हणते सगळ्याचा अर्थ एकच. खरंच काही फरक आहे का?

वाईहून: आहे की. झुंजुमुंजु आधी, उजाडलं शेवटी. मधल्या दोघांची आमच्याकडं सरमिसळ होते.

कडेगावहून: ताई, फरक नुसता वेळेचा नाही, डोळ्याला काय दिसतं त्याचा आहे असं माझं ठाम मत आहे. झुंजुमुंजु म्हणजे बांध, झाड, माणूस नुसतं आकारानं ओळखू येतं, रंग नाही. डोळ्याच्या पडद्यात दंडपेशी असतात साधारण 12 कोटी आणि शंकूपेशी 60 लाखाच्या आसपास, रंग कळतो तो शंकूंमुळं पण त्यांना उजेड भरपूर लागतो, दंडपेशींचं मिणमिणत्या उजेडातपण भागतं पण त्यांना रंगातलं काही कळत नाही. तांबडं फुटतं तेव्हा आभाळाची कड शंकूंना पुरेल इतकी उजळलेली असते आणि खाली रान अजून काळंच असतं, म्हणून तांबडं नेहमी आभाळात फुटतं, रानात कधीच नाही! फटफटलं की मग खालीपण रंग धरायला लागतात.

पूजेला जास्वंद तोडायला झुंजुमुंजु असताना जाऊन बघा. लाल फूल काळंठिक्कर आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ. दिवसा तेच फूल लांबनं डोळ्यात भरतं. दंडपेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही, त्या सगळ्यात तेज 500 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याला. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं 1825 साली हे लिहिलं, आजपण त्याच्याच नावानं ओळखतात. फार सुंदर गोष्ट आहे ही, शाळेत कुणी सांगत नाही.

पलूसहून: पण मी पाचला उठून दार उघडते तर मिट्ट काळोख, आणि सासूबाई म्हणतात झुंजुमुंजु झालं!

कडेगावहून: त्या आधीपासून अंगणात असतील आणि तुम्ही ट्यूबलाइटखालनं आलेल्या. अंधाराला डोळे नीट सरावायला 20-30 मिनिटं जातात. दोघींचंही बरोबर. वापरताना मात्र ‘झुंजुमुंजु झालं तसा वाटेला लागलो’ म्हणा, ‘झुंजुमुंजु झालं आणि पिवळी शेवंती दिसली’ म्हणू नका, तिथं फटफटलंच पाहिजे.