'स्ट्रे सॉड' म्हणजे चकवाच ना?

सायली_ठाणे
गेल्या रविवारी घरच्यांनी मिळून ऑनलाइन एस्केप रूम खेळलो. भाऊ पुण्याहून, आत्तेबहीण बंगळूरहून, मी आणि आई ठाण्यातून. सगळा खेळ आयरिश लोककथांवर. एका टप्प्यावर पडद्यावर शेत येतं, चारी बाजूंना दगडी गडगा, एका कोपऱ्यात फाटक. फाटकापाशी जावं तर ते दुसऱ्याच कोपऱ्यात. कितीही फिरा, शेत तेच. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की गडीमाणसाचा पाय 'स्ट्रे सॉड'वर पडला. आईसाठी मी मोठ्याने मराठीत सांगत होते, म्हटलं, "याला चकवा लागलाय." भाऊ म्हणाला, "चकवा म्हणजे भूत. इथे भूत कुठंय? हा तर गवताचा तुकडा." घड्याळ पळतंय आणि आम्ही शब्दावरून भांडतोय. शेवटी खुंटीवरचा कोट उलटा करून त्या माणसाला घातला, तेव्हा फाटक जागेवर थांबलं.
आता आईच्या भिशीतल्या मैत्रिणींना हाच खेळ खेळायचाय, म्हणून सगळ्या चिठ्ठ्या मी मराठीत करतेय. तर चकवा हा 'कोण' असतो की 'काय' असतं? आणि इथे हा शब्द चालेल का?

तळकोकणी
चालेल काय, हाच शब्द आहे. आमच्या आजोबांना मळ्यात लागला होता. रात्री शिंपण्याहून परत येताना घर समोर दिसत असून रात्रभर त्याच मेरेवरून फेऱ्या. "माका चकवो लागलो" एवढंच म्हणायचे. कोणी दिसला, कोणी हाक मारली, असं काही नाही. तेव्हा 'कोण' नव्हे.

वऱ्हाडी_पाहुणा
आमच्याकडे मात्र 'कोण' आहे. चकवा माणसाच्या पुढे पुढे चालतो, ओळखीच्या माणसाचं रूप घेतो आणि रानात नेऊन सोडतो. पण सायलीताई, तुमच्या चिठ्ठीला चकव्याहून जवळचा शब्द आहे: भुलनवेल. जंगलात जमिनीवर पसरलेली वेल. तिच्यावर पाय पडला की दिशा विसरते, माणूस तिथल्या तिथे फिरत राहते. पाय पडणं हीच खूण. तुमच्या आयरिश गवताचंही तेच ना?

गॉलवेकर
मी इथे आयर्लंडमध्येच राहते, म्हणून थोडं सांगते. आयरिश भाषेत याला 'फोद शाखरान' म्हणतात. 'फोद' म्हणजे गवतासकट मातीचा चापडा आणि 'शाखरान' म्हणजे भरकटणं. शब्दात भूत नाही, पण तो चापडा तिथे ठेवणारे आहेतच. त्यांचं नाव सहसा उघड घेत नाहीत, 'भली माणसं' म्हणतात. कोट उलटा घालायचा तो त्यांच्या नजरेला फसवायला. म्हणजे भाऊ आणि तळकोकणी दोघंही अर्धे बरोबर.
हे फक्त खेळवाल्यांचं कल्पित नाही. १९३७ ते १९३९ मध्ये इथल्या सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून अशा गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या. त्या वह्या आता नेटवर वाचता येतात. त्यांतही ओळखीच्याच शेतात रात्रभर फिरत राहिलेली माणसं भेटतात. अनोळखी रानात वाट चुकणं ही मुळी गोष्टच नाही. आपल्याच शेतात वाट न सापडणं, ही गोष्ट. म्हणून मला 'भुलनवेल'पेक्षा 'चकवा' जवळचा वाटतो.

व्युत्पत्तीवेडा
चकवा हा शब्द चक्रवाकावरून आला. चकवा-चकवी पक्ष्यांची रात्री ताटातूट होते आणि ती एकमेकांना शोधत फिरतात. रात्री भरकटणाऱ्या माणसाला म्हणूनच चकवा. माझे वडील हेच सांगत.

मोल्सवर्थप्रेमी
पक्षी चकवा चक्रवाकावरून आला हे खरं. पण हा चकवा त्या पक्ष्याचा कोणी लागत नाही. चकणे म्हणजे चुकणे, फसणे. त्यावरून चकवणे, आणि चकवतो तो चकवा. 'फसवा' अशी घडण मराठीत आहेच. पक्ष्याला मध्ये आणायची गरजच नाही.

व्युत्पत्तीवेडा
गरज नाही म्हणून खोटं ठरत नाही. दोन्ही उगम एकात मिसळले नसतील कशावरून?

नदीकाठ
क्रियापदाकडे कुणी बघतच नाहीये. आम्ही नाशिककडे 'चकवा पडला' म्हणतो. भूल पडते तसा चकवा पडतो. 'लागला' म्हणजे भूत लागलं, बाधा लागली. सायलीच्या भावाला भूत दिसलं ते 'लागला'मुळे. चिठ्ठीत 'चकवा पडला' लिहा, भांडणच मिटलं.

तळकोकणी
ठेच लागते, तहान लागते, वेड लागतं. तिथे कुठलं भूत? 'लागला'च बरोबर. 'पडला' आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

शुद्धमराठी
मला मूळचाच आक्षेप आहे. 'ऑनलाइन एस्केप रूम' असं लिहून पुढे चकव्यावर चर्चा करायची, हे बरं नव्हे. 'सुटकाघर' म्हणा, 'कोडेघर' म्हणा. आपण शब्द घडवले नाहीत तर घडवणार कोण?

नदीकाठ
'सुटकाघर' ऐकून मला रिमांड होम आठवतं. माझी भाची 'एस्केप रूमला चाललेय' म्हणते, तिच्या आजीला ते कळतं. जो शब्द आजीला कळतो तो मराठीच.

शुद्धमराठी
आजीला 'टेन्शन'ही कळतं. म्हणून 'काळजी' हा शब्द टाकून द्यायचा का? प्रतिशब्द पहिल्यांदा कानाला बोचतोच. 'महापौर', 'दिनांक' हेही सावरकरांनी दिले तेव्हा लोकांना विचित्रच वाटले असतील. आज ते वापरताना कोण थबकतं?

वऱ्हाडी_पाहुणा
ते सरकारी कागदावर आले म्हणून रुळले. खेळाचे शब्द खेळणारे ठरवतात. विटीदांडूतले शब्द कुठल्या समितीने दिले नाहीत.

सायली_ठाणे
'एस्केप रूम' राहू दे, भिशीतल्या सगळ्यांना कळतं. मला दुसरीच अडचण आहे. पुढच्या टप्प्यात 'बॅन्शी' आहे. मी 'हडळ' लिहिलंय.

गॉलवेकर
हडळ नको, मनापासून सांगते. बॅन्शी म्हणजे 'बॅन शी', टेकडीतली बाई. ही 'शी' म्हणजे ती भली माणसं जिथे राहतात ती जुनी मातीची टेकाडं. ती कुणाला धरत नाही, मारत नाही. ठरावीक घराण्यांत मरण यायचं असलं की आधी रडते, बस. तिचा कंगवा उचलू नये, म्हणून वाटेत पडलेला कंगवा जुनी माणसं अजूनही उचलत नाहीत. आपली हडळ बाळंतपणात मेलेल्या बाईची, उलट्या पायांची. दोघींचं दुःख वेगळं, काम वेगळं.

मोल्सवर्थप्रेमी
काम पाहिलं तर टिटवीचं. टिटवी ओरडली की घरात काहीतरी वाईट होणार, असं मानतातच.

व्युत्पत्तीवेडा
'जखीण' बघा. यक्षिणीवरून आलेला शब्द, आणि यक्षही जमिनीखालच्या धनाचे राखणदार. टेकडीतल्या बाईला तो जास्त शोभतो.

तळकोकणी
शोभत नाही. जखीण धरते. तुम्ही कोशातली बघताय, आम्ही गावातली बघतोय. 'भली माणसं' मात्र एकदम पटलं. आमच्याकडेही राखणदाराचं नाव तिन्हीसांजेला घेत नाहीत, 'जागेवालो' म्हणतात. रात्री सापाला 'लांबडं' म्हणायचं, तसंच.

गॉलवेकर
आणि झाडांचंही तसंच. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटूनला नव्या रस्त्याच्या आड काटेरी हॉथॉर्नचं झुडूप येत होतं. ते भल्या माणसांचं आहे, तोडू नका, म्हणून एडी लेनिहन या कथेकऱ्यांनी आवाज उठवला. झुडूप वाचवूनच रस्ता झाला. आपल्या देवराईत वाळकी काटकीही उचलत नाहीत, ते आठवलं.

सायली_ठाणे
मग 'बॅन्शी' तसंच ठेवून खाली 'मरणाआधी रडणारी टेकडीतली बाई' अशी ओळ देते. अजून एक राहिलं, 'हंग्री ग्रास'. त्याच्यावर पाय पडला की अशी भूक लागते की माणूस जागीच कोसळतो. खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा, हा उतारा. 'भुकेलं गवत' लिहू का?

नदीकाठ
'भुकेलं' म्हणजे गवतालाच भूक लागली. गवत भूक लावतंय ना? 'भुकेचं गवत' लिहा.

गॉलवेकर
आयरिशमध्येही गवताला भुकेलंच म्हणतात. १८४५ नंतरच्या दुष्काळात इथे सुमारे दहा लाख माणसं गेली. उपासमारीनं जिथे कोणी पडलं तिथे असं गवत उगवतं, असं सांगतात. गवतालाच ती भूक लागलेली आहे. 'भुकेलं'च ठेव, कृपा करून.

वऱ्हाडी_पाहुणा
'उपाशी गवत' कसं वाटते? भुकेला माणूस जेवला की संपलं. उपाशी म्हटलं की त्याला कोणी जेवायलाच दिलं नाही, हे येते.

शुद्धमराठी
'उपाशी गवत' उत्तम. यावर माझं दुमत नाही. पण 'ऑनलाइन'ला 'आंतरजालीय' लिहायला काय हरकत आहे, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

नदीकाठ
'चकवा पडला'चंही कुणी मान्य केलं नाही. पंढरपूर, सांगलीकडचे कोणी असतील तर सांगा, तुमच्याकडे लागतो की पडतो?