शब्दचर्चा : प्युरिटन कवितेतले ‘ओळखीचे’ शब्द – मीट, हॉल्ट, व्हल्गर, कॉन्व्हर्सेशन

प्रश्न

अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट या १७व्या शतकातल्या प्युरिटन (चर्चची आणखी शुद्धी मागणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट पंथातल्या) कवयित्रीच्या ‘द ऑथर टु हर बुक’ या कवितेत एक जोडओळ आहे : ‘आय स्ट्रेच्ड दाय जॉइंट्स टु मेक दी ईव्हन फीट, येट स्टिल दाउ रन्स्ट मोअर हॉब्लिंग दॅन इज मीट.’ इथे ‘मीट’चा अर्थ भेटणे घेतला तर काहीच हाती लागत नाही. ‘ईव्हन फीट’ म्हणजे सम संख्येचे पाय का? आणि इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा असेल तर १७व्या शतकातली कविता वाचून खरोखर फायदा होतो का, की त्यात मेलेले शब्दच जास्त?

उत्तर १

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ही कविता २४ ओळींची आहे आणि तिच्यात पूर्ण मेलेला शब्द शोधून काढावा लागतो. वाचक अडतो तो रोजच्या वापरातल्या शब्दांवर. अनोळखी शब्द दिसला की आपण कोश उघडतो. ‘मीट’, ‘ट्रू’, ‘स्टिल’, ‘ट्रिम’ असे शब्द मात्र ठाऊक आहेत असे समजून पुढे जातो, आणि नेमके तेच अर्थ बदलून बसलेले असतात. शब्दसंग्रहासाठी या कवितांचा खरा उपयोग इथेच आहे.

थोडा संदर्भ. ब्रॅडस्ट्रीट १६३० साली ‘आर्बेला’ जहाजातून मॅसॅच्युसेट्सला आली. तिच्या बहिणीच्या नवऱ्याने, जॉन वुडब्रिजने, तिच्या कवितांचे हस्तलिखित तिला न सांगता लंडनला नेले आणि १६५० साली ते ‘द टेन्थ म्यूझ’ या नावाने छापले गेले. चुकांसकट छापलेले ते पुस्तक परत हाती आले तेव्हा तिने त्यालाच उद्देशून ही कविता लिहिली; ती छापली गेली १६७८ साली, तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. पुस्तक हे लेकरू, ते फाटक्या कपड्यांत घराबाहेर गेले, आता आई त्याचे तोंड धुते, कपडे नीट करते, अशी सगळी कल्पना आहे. हे एकदा डोक्यात बसले की निम्मे शब्द आपोआप सुटतात.

आता जोडओळ. ‘मीट’ इथे विशेषण आहे : उचित, शोभेलसे. भेटण्याच्या ‘मीट’शी त्याचे स्पेलिंग जुळते, पण शब्द वेगळा. आजच्या इंग्रजीत तो ‘हेल्पमीट’मध्ये उरला आहे. बायबलच्या १६११ च्या भाषांतरात आदामासाठी ‘अ‍ॅन हेल्प मीट फॉर हिम’ असे आहे, म्हणजे त्याला अनुरूप साहाय्यक. पुढे लोकांनी ‘हेल्प’ आणि ‘मीट’ जोडून एकच नाम करून टाकले. ‘ईव्हन’ म्हणजे सम संख्या नव्हे. सारखे, एका मापाचे. आणि ‘फीट’वर श्लेष आहे. इंग्रजी छंदशास्त्रात ओळीच्या घटकाला ‘फूट’ म्हणतात. मराठी वाचकाचे भाग्य असे की आपल्याकडे ‘चरण’ हा शब्दही पाय आणि कवितेचा भाग असे दोन्ही अर्थ सांभाळतो. माप तंतोतंत जुळत नाही, पण श्लेष जसाच्या तसा उतरतो :

‘चरण सारखे व्हावेत म्हणून तुझे सांधे ताणले; तरी शोभेल त्याहून जास्तच लंगडत धावतंस.’

मोठ्याने वाचून बघा. दोन्ही ओळींत दहा-दहा अवयव (सिलेबल), दर दुसऱ्या अवयवावर आघात, पाच ‘फीट’. कवयित्री म्हणते पोर लंगडते आहे, आणि ओळ एकदाही लंगडत नाही. तक्रार करता करता तिने आपले कसब दाखवले आहे.

बाकीचे शब्द :

‘हॉल्टिंग’ : थांबत नव्हे, लंगडत. थांबण्याचा ‘हॉल्ट’ जर्मनकडून आलेला, हा जुन्या इंग्रजीतला ‘लंगडा’. दोघांचे नाते नाही. आजही ‘हॉल्टिंग इंग्लिश’ म्हणजे अडखळत बोललेले इंग्रजी.

‘रॅग्ज’ : पोराच्या अंगावरच्या चिंध्या, आणि त्या काळी कागदही चिंध्यांपासूनच होई. दोन्ही अर्थ एकदम घ्या.

‘फ्रेंड्स, लेस वाइज दॅन ट्रू’ : ‘ट्रू’ म्हणजे खरे बोलणारे नव्हेत, निष्ठावान. माया होती, शहाणपण कमी पडले.

‘स्टिल’ : ‘अजून’ नव्हे, ‘दर वेळी, सतत’. ‘रबिंग ऑफ अ स्पॉट स्टिल मेड अ फ्लॉ’ म्हणजे एक डाग पुसावा तर दर वेळी नवा दोष उमटतो. स्वतःचे लिखाण दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ कळेल.

‘ट्रिम’ : कातरणे नव्हे, नटवणे. नाताळचे झाड ‘ट्रिम’ करतात तो हाच अर्थ.

‘व्हल्गर्स’ : अश्लील लोक नव्हेत, सामान्य जन. शाळेत ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ला आपण ‘व्यवहारी अपूर्णांक’ म्हणतो. ‘व्यवहारी’ हा प्रतिशब्द घडवणाऱ्याने मूळ अर्थ नेमका पकडला होता.

‘होमस्पन’ : घरी कातलेल्या सुताचे जाडेभरडे कापड. आज साध्या, घरगुती गोष्टीला विशेषण म्हणून चालते.

उत्तर २

वरच्या यादीला एक मोठी भर. याच प्रकारचा सगळ्यात फसवा शब्द एडवर्ड टेलरच्या ‘हाउसवाइफरी’ या कवितेत आहे : ‘कॉन्व्हर्सेशन’. टेलर १६६८ मध्ये इंग्लंडहून आला, हार्वर्डला शिकला आणि वेस्टफील्ड या सीमेवरच्या गावात पाळक झाला. त्याच्या कवितांचे हस्तलिखित येलच्या ग्रंथालयात होते. त्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते थेट १९३७ मध्ये. या कवितेत तो देवाला म्हणतो, मला तुझा चरखा कर. मग चरख्याचा एकेक भाग घेऊन त्याला आपल्यातले काहीतरी जोडतो. त्या ओळीत येते : ‘माय कॉन्व्हर्सेशन मेक टु बी दाय रील.’

माझे संभाषण तुझे रीळ कर? नाही. १७व्या शतकात ‘कॉन्व्हर्सेशन’चा मुख्य अर्थ होता वागणूक, चालचलन. बायबलच्या १६११ च्या भाषांतरात पेत्राच्या पहिल्या पत्रात ‘बी यी होली इन ऑल मॅनर ऑफ कॉन्व्हर्सेशन’ आहे आणि मराठी बायबलमध्ये त्याच जागी ‘आचरण’ आहे. कोश हाताशी नसला तरी दोन भाषांतली तीच ओळ शेजारी ठेवली की अर्थ मिळतो.

‘रील’ म्हणजे इथे सिनेमाचे रीळ किंवा दोऱ्याची रीळ नाही. खादीचे काम करणारे ज्याला फाळका म्हणतात ते : कातलेले सूत ज्यावर गुंडाळून त्याची गुंडी करतात. चरख्यावरचे सूत फाळक्यावर उतरले की किती निघाले ते मोजता येते, सर्वांसमोर येते. आतली भक्ती बाहेर दिसते ती वागण्यातून, म्हणून आचरण म्हणजे फाळका. ‘संभाषण’ अर्थ घेतला की ही सगळी जुळणी कोसळते.

भाग क्रमाने पाहा. ‘डिस्टाफ’ला मराठीत रुळलेला शब्द नाही, कारण आपल्याकडे कापसाचा पेळू हातातच धरतात, तिकडे जवसाचे तंतू किंवा लोकर एका काठीला गुंडाळून ठेवत, ती काठी म्हणजे डिस्टाफ. ‘फ्लायर’ही आपल्या चरख्यात नसतो. आपल्या चातीवर आधी पीळ भरतो, मग हात मागे-पुढे करून सूत गुंडाळतो. फ्लायर हा दुपाखी भाग पीळ देणे आणि गुंडाळणे एकदमच करतो, म्हणून कवितेत त्याला ‘स्विफ्ट’ (चपळ) म्हटले आहे. ‘क्विल’ म्हणजे पिसाची लेखणी नव्हे, धोट्यात बसवायची कांडी. ‘वेब’ म्हणजे जाळे नव्हे, मागावर विणलेले कापड. ‘वेब्स्टर’ या आडनावाचा अर्थही विणकर.

पुढे ‘फुलिंग मिल’. मागावरून उतरलेले लोकरी कापड सैल आणि तेलकट असते. ते पाण्यात, माती किंवा साबण घालून, लाकडी घणांखाली कुटतात. मळ निघतो, कापड आटते, धागे घट्ट बसतात. त्या मातीला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात. आपल्या घरातली मुलतानी माती ती हीच. टेलर म्हणतो, तुझ्या ‘ऑर्डिनन्सेस’ या माझ्या फुलिंग मिल होवोत. हे अध्यादेश नव्हेत. चर्चचे विधी, म्हणजे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. आणि रंगवल्यावर ते कापड ‘पिंक्ट’ होते. गुलाबी नव्हे! ‘पिंक’ हे क्रियापद : कापडाला नक्षीदार भोके पाडणे, कडा कातरणे. शिंप्याकडची झिगझॅग कात्री इंग्रजीत ‘पिंकिंग शिअर्स’ असते, त्यात ते क्रियापद अजून टिकून आहे.

या कवितेवर दोन तास खर्च केलेत तर डझनभर नेमके शब्द पक्के बसतात, कारण प्रत्येक शब्दाला एक वस्तू आणि एक जागा आहे. नुसत्या यादीतून पाठ केलेले शब्द इतके टिकत नाहीत.

उत्तर ३

‘वॉन्ट’ राहिला. १६४० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला ‘बे साम बुक’ हे स्तोत्रांचे पुस्तक छापले गेले. इंग्रज वसाहतींत छापलेले हे पहिले पुस्तक, सुमारे १७०० प्रतींचे. त्यातले २३वे स्तोत्र : ‘द लॉर्ड टु मी अ शेपर्ड इज, वॉन्ट देअरफोर शॅल नॉट आय.’ ‘मला नको आहे’ असा अर्थ बरेच जण लावतात. मराठी बायबलात पाहा : ‘मला काही उणे पडणार नाही.’ वॉन्ट म्हणजे उणीव. ‘फॉर वॉन्ट ऑफ टाइम’ किंवा ‘फाउंड वॉन्टिंग’ या आजच्या प्रयोगांत तोच अर्थ आहे. शब्दांची उलटसुलट रचना मात्र जुन्या इंग्रजीचा नियम समजू नका. ओळी ८ आणि ६ अवयवांत बसवून चालीवर गाता याव्यात म्हणून ती ओढाताण केलेली आहे.

उत्तर ४

‘दाउ’बद्दल, कारण मराठी अनुवादांत ही चूक फार दिसते. देवाला ‘दाउ’ म्हटले आहे म्हणून ते आदरार्थी समजून ‘आपण’ लिहितात. उलट आहे. ‘दाउ’ म्हणजे एकवचनी, जवळिकीचा ‘तू’. आपण विठ्ठलाला जसे ‘तू’ म्हणतो तसेच. ‘दाउ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला, ‘दाय’ म्हणजे तुझा; पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तर बहुधा ‘दाइन’. त्याच कारणाने टेलर ‘माइन अपॅरल’ लिहितो. क्रियापदाला ‘-एस्ट’ लागतो : ‘रन्स्ट’, ‘डिड्स्ट’. ‘तू धावतोस’मधला ‘स’ आठवा, कारण संस्कृत ‘-सि’ आणि या प्रत्ययातला ‘स’ यांचे मूळ एकच आहे. ‘-एथ’ मात्र तृतीय पुरुषाला. ‘आय’ला ‘-एथ’ लावून जुने इंग्रजी लिहिल्याचा आव आणणारी वाक्ये सरळ चूक आहेत.

प्रश्नकर्त्याची पुढची विचारणा

हे सगळे वहीत कसे मांडावे? आणि कोणता कोश वापरावा?

उत्तर १ देणाऱ्याचे उत्तर

कोशाचे आधी, कारण गडबड तिथूनच होते. विद्यार्थ्यांसाठीचे कोश सगळ्यात प्रचलित अर्थ पहिला देतात, म्हणून ‘मीट’खाली भेटणे आणि ‘कॉन्व्हर्सेशन’खाली गप्पा. मेरियम-वेब्स्टर अर्थांचा क्रम जुन्याकडून नव्याकडे लावतो, त्यामुळे पहिलाच अर्थ अनेकदा आपल्या कामाचा निघतो. त्याहून सोपे म्हणजे नोआ वेब्स्टरचा १८२८ चा कोश, इंटरनेटवर फुकट आहे. त्यात ‘कॉन्व्हर्सेशन’चा पहिला अर्थच वागणूक असा दिला आहे.

वहीत चार रकाने करा : पूर्ण ओळ (सुटा शब्द लिहू नका), आजचा अर्थ, कवितेतला अर्थ, आणि जुना अर्थ आज कुठे उरला आहे. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘मीट’समोर हेल्पमीट, ‘हॉल्ट’समोर हॉल्टिंग इंग्लिश, ‘वॉन्ट’समोर फॉर वॉन्ट ऑफ. तो भरला की शब्द आजच्या भाषेला जोडला जातो. एका कवितेतून आठ-दहा शब्दच घ्या. पहिल्या वाचनात कोश उघडू नका. जिथे शब्द माहीत असूनही ओळ खटकते तिथे खूण करा. खटकणे हीच खरी खूण.

आणि दोन खुणा वेगळ्या ठेवा : लिहिताना वापरायचे शब्द आणि फक्त ओळखायचे शब्द. ‘अर्कसम’ (त्रासदायक), ‘ब्लेमिश’ (डाग), ‘हॉबल’ (लंगडणे), ‘मॅनिफोल्ड’ (अनेकपट), ‘रेकम्पेन्स’ (भरपाई) बिनधास्त वापरा. ‘अर्कसम’वरून ‘टायरसम’, ‘बर्डनसम’, ‘क्वॉरलसम’, ‘लोदसम’ हे कुटुंबही उचला. पण ‘मीट’ किंवा ‘व्हिसेज’ (चेहरा) नोकरीच्या अर्जात घालू नका. ‘पेल्फ’ (धनदौलत) तर नीट जपून. घर जळाल्यावर १६६६ मध्ये ब्रॅडस्ट्रीटने आपल्या चीजवस्तूंना ‘फेअरवेल, माय पेल्फ’ म्हटले, पण शब्दाला लुटीच्या मालाचा वास आहे. ‘पिल्फर’, म्हणजे भुरटी चोरी करणे, त्याच कुळातला. स्वतःच्याच वस्तूंना तिने हा शब्द लावला तो ऐहिक संपत्तीला तुच्छ ठरवण्यासाठी.

उत्तर २ देणाऱ्याची पुरवणी

गद्यातले तीन शब्द याच वहीत घाला. प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याच्या ‘ऑफ प्लिमथ प्लँटेशन’मधले ‘प्लँटेशन’ म्हणजे मळा नव्हे, वसाहत. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याच्या १६३०च्या प्रवचनातली ‘चॅरिटी’ म्हणजे दानधर्मापेक्षा बंधुप्रेम. प्युरिटन लेखनातले ‘सेंट’ म्हणजे संत नव्हेत, देवाने निवडलेले मानले गेलेले साधे सभासद.

उत्तर ३ देणाऱ्याची पुरवणी

उच्चारही टिपून ठेवा. ब्रॅडस्ट्रीटच्या नवऱ्यावरच्या कवितेचा शेवट ‘पर्सिव्हिअर’ आणि ‘एव्हर’ या यमकावर आहे. आजच्या उच्चाराने ते जुळत नाही, म्हणून यमक फसले असे लिहिलेले दिसते. त्या काळी आघात दुसऱ्या अवयवावर होता, ‘पर्सेव्हर’. तसे वाचा, यमक नेमके बसते.