आईच्या कोटाची ११ बटणं: छातीपाशी फट पडतेय, काजं नेमकी कुठे करू?

निळा झगा विचारते:

पुढून पूर्ण उघडणारा सुती ड्रेस शिवलाय. गोल गळा, कॉलर नाही, घेर बेताचा. गळ्यापासून खालच्या दुमडीपर्यंत पुढची लांबी ४१ इंच, दोन्ही बटणपट्ट्या सव्वा इंच रुंद, आत बकरम (ताठपणासाठीचं कडक कापड) आहे. काजं अजून केलेली नाहीत, म्हणून आत्ताच विचारते.

बटणं आईच्या जुन्या कोटाची आहेत. कोट झिजला तेव्हा तिने ती काढून एका डबीत ठेवली होती. शिंपल्याची, चार भोकांची, १५ मिमी व्यासाची आणि साधारण ३ मिमी जाड. अकराच आहेत. तशी दुसरी मिळणार नाहीत आणि मला त्यांच्यात दुसरं बटण मिसळायचंही नाही.

मी पहिली टाचणी गळ्यापासून अर्ध्या इंचावर लावली, शेवटची साडेसदतीसवर, आणि मधली जागा सारखी वाटली. दोन टाचण्यांमध्ये ३.७ इंच आले. मोजायला अगदी बरोबर, पण अंगात घातल्यावर छातीपाशी पट्टी डोळ्यासारखी उघडते. बसले की जास्तच. ड्रेस तंग नाही, हात वर केले तरी मुंढ्यात ओढत नाही. मग चुकतंय कुठे? कंबरेला एक इंची पट्टा बांधणार आहे, तेही सांगून ठेवते.

---

मापटेप:

अंतर आहे तसंच ठेवा आणि फट पडते तिथे आतून एक टिचबटण लावा. माझ्या दोन ड्रेसना तसंच केलंय, बाहेरून काही कळत नाही.

---

उलटी टीप:

टिचबटणाने फट झाकली जाईल, पण काजं अजून केलेली नसताना तो मार्ग धरू नये असं मला मनापासून वाटतं. ताई, एक सांगा. आरशासमोर उभं राहून छातीचा सगळ्यात भरलेला भाग जिथे येतो तिथे पट्टीवर खडूने खूण करा. ती गळ्यापासून किती इंचांवर येते?

---

निळा झगा:

बरोबर ६ इंचांवर. कंबर साडेबारावर.

---

उलटी टीप:

मग तुमचं उत्तर तुमच्याच मापात आहे. तुमची दुसरी टाचणी ४.२ वर आणि तिसरी ७.९ वर. छातीची रेष या दोघींच्या बरोबर मधे पडली. जिथे कापड सगळ्यात जास्त बाजूला ओढलं जातं तिथेच धरायला काही नाही. ड्रेस सैल असला तरी त्या एका रेषेवर ताण येतोच.

बटणांची वाटणी गळ्यापासून सुरू करायची नसते. पहिलं बटण छातीच्या रेषेवर ठेवायचं, मग वर जायचं आणि मग खाली. गळ्याचं बटण काठापासून बटणाचा अर्धा व्यास आणि वर थोडी जागा सोडून येतं. तुमच्या १५ मिमीच्या बटणाला अर्धा इंच ठीक आहे. अर्धा ते सहा म्हणजे साडेपाच इंच. त्याचे दोन गाळे केले की एक गाळा पावणेतीनचा. तोच गाळा खाली चालवत न्या: अर्धा, सव्वातीन, सहा, पावणेनऊ, साडेअकरा, सव्वाचौदा, सतरा, पावणेवीस, साडेबावीस, सव्वापंचवीस, अठ्ठावीस.

तुमचा पट्टाही यात आपोआप बसतो. साडेबारावर मध्य धरला तर तो १२ ते १३ मध्ये येतो, आणि तिथे बटण नाही. बकलखाली बटण आलं की ते रोज दाबलं जातं आणि शिंपल्याची कड उडते.

---

निळा झगा:

पण अकरा बटणं अठ्ठावीसवरच संपली! खाली १३ इंच उघडे राहतात. दुमडीजवळ जायचं तर अजून तीन तरी हवीत, आणि ती नाहीत.

---

उलटी टीप:

ती तुम्हाला लागतच नाहीत. २८ इंच उघडलं की ड्रेस नितंबांवरून सहज उतरतो, खालचा भाग उघडायची गरज पडत नाही. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर नीट बसवा, आधी धावदोरा (तात्पुरते लांब टाके) घाला आणि पट्टीच्या आतल्या काठावरच्या शिलाईवरूनच साडेएकोणतीसपासून तेहेतीसपर्यंत टीप मारा. त्याच शिलाईवर आल्यामुळे ती वेगळी दिसत नाही. तेहेतीसच्या खालचे आठ इंच चालायला मोकळे ठेवा. जिथे टीप संपते तिथे उलटी टीप दोनदा घ्या, पाऊल टाकताना सगळा जोर तिथेच येतो.

आता काजांबद्दल. आडवं काज ताणाला जास्त चांगलं, कारण ओढ बसली की बटण काजाच्या टोकाला जाऊन अडतं. पण तुमच्या पट्टीत ते मावणार नाही. काजाची लांबी व्यास अधिक जाडी, म्हणजे १८ मिमी. आडवं केलं तर मधल्या रेषेच्या पलीकडे ३ मिमी जातं आणि आत १५. तुमची अर्धी पट्टी १६ मिमी. शिलाईला जेमतेम एक मिलिमीटर उरतो, मशीनचा पाय तिथे अडखळणार. म्हणून उभंच करा, बरोबर पट्टीच्या मध्यावर, आणि काजाचं वरचं टोक बटणाच्या खुणेपेक्षा ३ मिमी वर ठेवा. एक काज आधी याच कापडाच्या, याच बकरमच्या तुकड्यावर करून त्यातून बटण काढून बघा. बटण जाताना घासलं पाहिजे, पण अडकता कामा नये.

काज कापताना दोन्ही टोकांना आडवी टाचणी लावा आणि टोकाकडून मध्याकडे कापा. मी एकदा घाईत टाचणी न लावता कापलं आणि पाते काजाच्या टोकाचे टाके तोडून पट्टीत अर्धा इंच पुढे गेलं. पूर्ण पट्टी बदलावी लागली.

---

धावदोरा:

उलटी टीप यांना एक जोड. बटणांच्या खुणा मापून करू नका. सगळी काजं झाली की ड्रेस टेबलावर पसरून उजवी पट्टी डावीवर ठेवा, काजाच्या वरच्या टोकापासून ३ मिमी खाली टाचणी आरपार टोचा आणि ती खाली जिथे निघेल तिथे खूण करा. छातीचं बटण आधी लावा, ते घालून बघा, मग बाकीची. वेगळं मापलं की एखादं दोन मिलिमीटर सरकतं आणि पट्टी फुगते.

---

निळा झगा:

काजं झाली! छातीपाशी फट अजिबात नाही, खुर्चीत बसूनही पाहिलं. आता लावताना काय जपू? एकही बटण जास्तीचं नाही, आणि एकाची कड थोडी उडालेली आहे.

---

उलटी टीप:

मशीनवर लावू नका. सुई भोकाच्या काठावर आपटली तर शिंपलं तडकतं. हातानेच लावा.

शिंपल्याच्या भोकांची कड धारदार असू शकते आणि ती हळूहळू दोरा कापते. भोकातून नखाचं टोक फिरवून बघा. बोचलं तर जाड सुई आत घालून हलक्या हाताने फिरवा. पॉलिस्टरचा दोरा दुहेरी घ्या, हातभराहून लांब नको, मेणावरून ओढून घ्या म्हणजे गुंता होत नाही. बटणाच्या वर आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घ्या. प्रत्येक जोडीत तीन-चार पुरतात. चार भोकांत फुली घालण्याऐवजी दोन समांतर रेघा घाला, फुलीत दोरे एकमेकांवर घासून लवकर झिजतात. मग काडी काढा, बटण वर ओढा आणि खाली मोकळ्या राहिलेल्या दोऱ्याभोवती दोरा तीन-चार वेळा घट्ट गुंडाळा. काजाची पट्टी या उंचीत बसते. दोऱ्याची ही मान नसेल तर पट्टी बटणाखाली चुरगळते. उभ्या काजाला ती फार उंचही नको, नाहीतर बटण निसटतं.

छातीच्या आणि त्याच्या खालच्या बटणाला पट्टीच्या आतून एक छोटं चपटं बटण लावून दोघांतून एकदमच टाके घ्या. ओढ कापडावर न येता त्या बटणावर येते. तुम्हाला ही बटणं पुढच्या ड्रेसलाही काढून लावायची असतील, म्हणून कापड फाटू देऊ नका.

कड उडालेलं कुठे लावायचं ते तुम्ही ठरवा. फक्त छातीवर नको, काजातून जाता-येता ती उडालेली कड टाक्यांना अडकते.

---

निळा झगा:

काल रात्री अकराही लावून झाली. दोन भोकं खरंच बोचत होती, सुईने गुळगुळीत केली. कड उडालेलं गळ्याला लावलं. गळ्याचं बटण मी कधी लावत नाही, त्यामुळे ते काजातून जाणारच नाही, आणि तिथे ते मला मान खाली केली की दिसतं.

इस्त्री आतल्या बाजूने, बटणांखाली टॉवेलची घडी ठेवून केली, एवढं बरोबर ना?

---

उलटी टीप:

बरोबर. बटणांवर तापलेली इस्त्री टेकवू नका, आणि धुताना सगळी बटणं लावून ड्रेस उलटा करा.