अनुभव धागा: लहान जहाजातून अलास्का – सिटका, रँगल, पीटर्सबर्ग आणि मधलं जंगल

अलास्का क्रूझवर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. बुफे, कॅसिनो, बाल्कनीची खोली घ्यावी की नाही, सगळं. या धाग्यावर ती पंधरा मजली जहाजं नकोत. इथे फक्त लहान जहाजं, ज्यात तिसऱ्या दिवशी सगळे प्रवासी तोंडओळखीचे होतात आणि जी मोठ्या जहाजांना न पेलणाऱ्या खाड्यांत शिरतात. काही जणांना मी मुद्दाम निरोप पाठवून लिहायला सांगितलं होतं. त्यांचं आधी टाकते, बाकीच्यांनी खाली भर घाला. फोटो कमी चालतील, तपशील हवेत.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडा भूगोल. अलास्काचा आग्नेयेकडचा निमुळता पट्टा कॅनडाच्या कडेने खाली उतरतो. त्याच्यापुढे बेटांची रांग आहे. ती पॅसिफिकच्या लाटा अंगावर घेते आणि आतलं पाणी बहुतेक वेळा शांत राहतं. हाच इनसाइड पॅसेज. बोट लागण्याची भीती असणाऱ्यांनी एवढं वाचून निम्मा जीव भांड्यात पाडून घ्यावा.

व्हिसाचा प्रश्न दरवेळी येतो, म्हणून आधीच सांगते. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी उचलून दुसऱ्या बंदरात सोडता येत नाही. म्हणून सिअ‍ॅटलहून निघणारी मोठी जहाजं वाटेत कॅनडाला टेकतात, आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचाही व्हिसा बघावा लागतो. अमेरिकी झेंड्याचं लहान जहाज अलास्कातल्याच जुनोहून सुटून सिटकाला सोडतं, कॅनडाचा संबंधच येत नाही. पण तेच जहाज अमेरिकेत बांधलेलं आणि अमेरिकी खलाशांचं असावं लागतं, त्यामुळे तिकिटाचा आकडा बघून घाम फुटतो. असो. आता अनुभव.

रेडमंडहून, आईबाबांसह

बाबा सांगलीकडचे निवृत्त तलाठी. त्यांना बर्फात काडीचा रस नव्हता, "पाणीच ते, गोठलेलं" एवढंच म्हणाले. पण सिटकाला त्यांची कळी खुलली.

सिटका म्हणजे पूर्वीचं नोवो-अर्खांगेल्स्क, रशियन अमेरिकेची राजधानी. १८ ऑक्टोबर १८६७ रोजी इथल्या टेकडीवर रशियाचा झेंडा उतरला आणि अमेरिकेचा चढला. सगळी अलास्का ७२ लाख डॉलरला. टेकडीवर जुन्या तोफा आहेत आणि खाली गावाच्या मधोमध कांद्यासारख्या घुमटाचं सेंट मायकेल चर्च. मूळ इमारत १८४०च्या दशकातली, १९६६च्या आगीत ती जळाली. पण गावकऱ्यांनी आत शिरून बहुतेक सगळ्या आयकॉन, म्हणजे पूजेची चित्रं, बाहेर काढली. आजचं चर्च जुन्या नकाशांबरहुकूम पुन्हा बांधलेलं आहे. आत एका मेरीच्या चित्राला चांदीचं आवरण आहे, फक्त चेहरा आणि हात उघडे. आई तिथे चप्पल काढून उभी राहिली. तिथल्या बाईंनी काही म्हटलं नाही, फक्त हसून थोड्या बाजूला झाल्या.

पण बाबांना खरं गुंतवलं ते गावाबाहेरच्या राष्ट्रीय उद्यानानं. १८०४ मध्ये इथेच क्लिंकिट या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या किक्सादी कुळाने रशियनांशी लढाई दिली. त्यांचा म्होरक्या कात्लियान लोहाराचा हातोडा घेऊन लढला, असं सांगतात. समुद्राकाठच्या झाडीत टोटेम खांब उभे आहेत. आमच्याबरोबरचा माहीतगार स्वतः क्लिंकिट होता. त्याने पहिल्यांदा हेच सांगितलं की यांना कोणी पूजत नाही. कुठल्या कुळाला कुठलं चिन्ह, कुठली गोष्ट, कुठला हक्क, कोणाच्या स्मरणार्थ काय, हे त्यावर कोरलेलं असतं. दुसऱ्या कुळाची गोष्ट परवानगीशिवाय सांगायचीही नाही. काही खांब तर देणं बुडवणाऱ्याची नाचक्की करायला उभारत. बाबा मराठीत पुटपुटले, "म्हणजे हा यांचा सातबारा!" मी भाषांतर करायचा प्रयत्न केला, तर तो माणूस उलट सातबाऱ्याबद्दलच विचारत बसला. त्या दोघांचं फेरफार, वारस नोंदी असं बराच वेळ चाललं होतं, मी मधे दुभाषी. बाकीचे लोक गरुड बघायला पुढे गेले.

नाशिकहून, भूगोलाची निवृत्त शिक्षिका

आयुष्यभर हिमनदी फळ्यावर काढली. ग्लेशियर बे या खाडीबद्दल लिहिते.

१७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली, तेव्हा ही खाडी नव्हतीच. तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आले, तोवर बर्फ चाळीसहून जास्त मैल मागे गेला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रँड पॅसिफिक हिमनदी खाडीच्या टोकाला, सुमारे ६५ मैल आत पोचली. (उगाच वाद नको म्हणून लिहिते: ही माघार कारखान्यांच्या धुरापूर्वीच सुरू झाली होती. आजची अलास्कातल्या हिमनद्यांची झीज हा वेगळा आणि काळजीचा विषय आहे.)

गंमत अशी की जहाज खाडीत आत जाऊ लागलं की काठ वाचता येतो. तोंडाशी स्प्रूसचं (सूचिपर्णी झाडांचं) घनदाट जंगल, कारण तिथली जमीन सगळ्यात आधी मोकळी झाली. पुढे कॉटनवुड आणि अल्डरची झुडपं. त्यापुढे नुसतं शेवाळ आणि जमिनीलगत पसरणाऱ्या ड्रायसच्या चटया. शेवटी उघडा, ओरखडे पडलेला खडक. वनस्पतींचा क्रम शिकवायला जी चार तक्त्यांची मालिका मी वर्गात टांगत असे, ती इथे एका दिवसात डोळ्यांसमोरून उलटी सरकली.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं, इंजिनाचा आवाज मंद केला. पाण्यावर उभी साधारण ७५ मीटरची भिंत. आधी वरून बर्फाचा चुरा घरंगळला, मग एक सुळका निखळून पाण्यात गेला आणि त्याचा आवाज नंतर आला. तरंगणारे तुकडे जहाजाच्या जवळून जाताना तडतडत होते, आत अडकलेली जुनी हवा सुटते तो आवाज. खलाशांनी एक तुकडा जाळीने वर घेतला. तो निळा नव्हता, काचेसारखा स्वच्छ होता. जाड, दाबलेला बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो म्हणून भिंत निळी दिसते, हातात घेतलेल्या तुकड्याची जाडी त्याला पुरत नाही.

या खाडीत दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना परवानगी असते आणि लहान पर्यटन जहाजंही मोजकीच. उद्यानाची एक रेंजर आमच्या जहाजावर चढली आणि बरोबरच राहिली. तिनेच बार्टलेट कोव्हला हूना क्लिंकिटांचं कुळघर दाखवलं. अठराव्या शतकात वाढत्या बर्फाने या लोकांना खाडीतून हुसकावलं होतं. पुढे उद्यानाचे नियम आड आले. २०१६ मध्ये त्यांचं घर पुन्हा या काठावर उभं राहिलं. लाकडावर तासणीचे घाव मुद्दाम ठेवलेत, हात फिरवला की खवल्यांसारखे लागतात.

दादरहून, फक्त जेवणाबद्दल

मोठ्या जहाजावर शाकाहारी माणूस वीस काउंटरांवर हिंडून शेवटी पास्ता खातो. इथे स्वयंपाकघर लहान, आचारी एकच, आणि तो आधीच फॉर्म पाठवून विचारतो. आम्ही "अंडं चालतं, मासा नाही" असं लिहिलं होतं. तो रोज येऊन आज काय केलंय ते सांगायचा, कौतुक करवून घ्यायचा. तरी मेतकूट आणि लसणाची चटणी न्या. चटणीचा डबा आम्ही टेबलावर उघडला आणि तो डबा परत आमच्याकडे आलाच नाही. मासे खाणाऱ्यांनी इथे ब्लॅक कॉड आणि डंजनेस खेकडा सोडू नये, असं आमचे जावई कळवतात.

अलिबागचा, मर्चंट नेव्हीतून निवृत्त

ताईंनी आग्रह केला म्हणून लिहितो. हिमनद्यांवर सगळे लिहितील, मी रँगल नॅरोजवर लिहितो.

पीटर्सबर्गच्या दक्षिणेला ही अरुंद वाट आहे, साधारण ३५ किलोमीटर. काही ठिकाणी चॅनेल जेमतेम शंभर मीटर रुंद. भरतीचं पाणी दोन्ही तोंडांतून आत येतं आणि मधे भेटतं, म्हणून कप्तान वेळ साधून शिरतो. दिवे आणि बोये (तरंगत्या खुणा) साठहून जास्त आहेत. मोठी क्रूझ जहाजं इथे येत नाहीत. आम्ही रात्री शिरलो. मी ब्रिजवर उभं राहायची परवानगी मागितली आणि ती मिळाली, लहान जहाजावर असं चालतं. हयातभर बंदरात शिरताना लाल दिवा डाव्या हाताला ठेवला. अमेरिकेत उलटं, लाल उजवीकडे. डोक्याला कळतं, पण प्रत्येक लाल दिवा जवळ आला की माझा पाय आपोआप दाबला जायचा. सुकाणूवर एक तरुण मुलगी होती. ती अंश अंश करत वळवत होती, मधे एक शब्द नाही.

पीटर्सबर्ग नॉर्वेजियन लोकांनी वसवलं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. कारण अगदी व्यवहारी होतं: हॅलिबट आणि सामन भरपूर, आणि मासे भरायला ल कॉन्ट हिमनदीचा बर्फ फुकट. धक्क्यावर गेलात तर पर्यटकांची दुकानं शोधावी लागतात, मासेमारी बोटी मात्र रांगेने उभ्या. वेढा जाळ्याच्या वेगळ्या, गिलनेटच्या वेगळ्या, गळ ओढत जाणाऱ्या ट्रोलर वेगळ्या. एकाने मला तासभर विंच दाखवला. १९१२चा सन्स ऑफ नॉर्वे हॉल खांबांवर, ओढ्याच्या पाण्यात उभा आहे. बंदर बघायचं तर असं.

रँगलला आधी रशियनांचा किल्ला होता (१८३४), मग ब्रिटिशांच्या हडसन बे कंपनीने तो भाड्याने घेतला, मग अमेरिका. आणि या सगळ्यांच्या आधीपासून क्लिंकिट. ओहोटीला किनाऱ्यावरच्या दगडांत कोरलेली चित्रं उघडी पडतात. धक्क्यावर शाळकरी पोरं गार्नेटचे (तामड्याचे) खडे विकतात. ती खाण मुलांसाठीच म्हणून देऊन ठेवलेली आहे, मोठ्यांना तिथे धंदा करता येत नाही. पोरं घासाघीस करू देत नाहीत.

एक गोष्ट मात्र माहितीपत्रकात नव्हती. अमेरिकी आरमाराने १८६९ मध्ये केक आणि १८८२ मध्ये अँगून ही क्लिंकिट गावं तोफांनी उडवली. अँगूनला होड्या आणि हिवाळ्याची बेगमी जाळली. आरमाराने दोन्ही गावांची माफी मागितली ती थेट २०२४ मध्ये. मी युनिफॉर्ममध्ये आयुष्य काढलेला माणूस, पण व्यापारी जहाजांवर. तरी ऐकताना मान खाली गेली.

ठाण्याहून, कयाक आणि अस्वलं

अ‍ॅडमिरल्टी, बारानॉफ, चिचागॉफ या तीन बेटांवर तपकिरी अस्वलं आहेत, काळी नाहीत. एकट्या अ‍ॅडमिरल्टीवर सुमारे १६००, बेटावरच्या माणसांपेक्षा जास्त. जंगलात चालताना बोलत राहायचं, म्हणजे अस्वल दचकत नाही. आमचा ग्रुप "हे बेअर" ओरडत होता. मी आणि नवरा पाढे म्हणत होतो. एकोणतिसाचा पाढा येत नाही, हे अस्वलालाही कळलं असेल.

रबरी बोटीतून काठाला उतरायचं, गुडघ्यापर्यंत गमबूट घालून. जमीन म्हणजे मॉसची गादी, पाय टाकला की पाणी वर येतं. ओढ्यात सामन इतके की पाणी हलतंय की मासे, समजत नाही. सगळीकडे कुजका वास. अस्वलं मासे उचलून झाडीत नेतात, अर्धे टाकतात, आणि त्यातला नायट्रोजन स्प्रूसच्या खोडांत सापडतो.

आणि व्हेल. एक हंपबॅक खोल जाऊन बुडबुड्यांचं कडं सोडतो, दुसरा हाक देतो, हेरिंग गोळा होतात आणि सगळे एकदम तोंड उघडून वर. आमच्याकडे पाण्यात सोडलेला माईक होता. स्पीकरवर हाक चढत गेली, थांबली, आणि कोणी "कुठे?" म्हणायच्या आत समोर तोंडंच तोंडं.

बंगळुरूहून, वेगळा सूर

सगळं मान्य, पण माणशी काही हजार डॉलर प्रत्येकाला परवडत नाहीत. याच वाटेने राज्य सरकारची फेरी जाते, १९६३ पासून. रँगल, पीटर्सबर्ग, सिटका, सगळीकडे थांबते आणि काकांच्या त्या नॅरोजमधूनही जाते. आम्ही डेकवर झोपलो. लोक तंबूही लावतात, डक्ट टेपने डेकला चिकटवून. बरोबर कोण? गावातले लोक, शाळेचा बास्केटबॉल संघ, कुत्री, एक नवरी. हिमनदीसमोर फेरी थांबत नाही, हे खरं. वेळापत्रक आधी नीट बघा, ते बदलतं आणि काही गावांना बोट रोज नसते.

रेडमंडहून पुन्हा

@अलिबागकर काका, बाबा विचारतात, गार्नेटच्या खाणीची नोंद मुलांच्या नावावर आहे का संस्थेच्या?

अलिबागचा

१९६२ मध्ये मालकाने बॉय स्काउट्सना दिली, असं तिथे सांगितलं. पुढची फेरफार नोंद बाबांनी स्वतः जाऊन तपासावी.

नागपूरहून

आम्ही पुढच्या जूनचं बघतोय. ट्रेसी आर्म (हिमनदीपर्यंत जाणारी अरुंद खाडी) घ्यावं का? तिथे दरड कोसळली होती म्हणे.

धागाकर्ती

हो, १० ऑगस्ट २०२५ला, साउथ सॉयर हिमनदीपाशी. लाट समोरच्या कड्यावर शेकडो मीटर चढली. खाली बेटावर तंबू ठोकलेल्या कयाकवाल्यांचं सामान वाहून गेलं, सुदैवाने माणूस गेला नाही. शेजारीच एंडिकॉट आर्म आहे, त्याच्या टोकाला डॉज हिमनदी. बुकिंग करताना यातलं कुठलं आर्म ते लेखी विचारून घ्या. जूनमध्ये तरंगत्या बर्फावर सीलची पिल्लं असतात, त्यामुळे बोटी लांबच थांबवतात, दुर्बीण लागेल. आणि थंडीपेक्षा पावसाची तयारी जास्त ठेवा. छत्री नको, चांगलं जॅकेट आणि वरून घालायची रेनपँट.